शेतातील सस्तन प्राणी ओळखावयाचे कसे?

हरभऱ्याचे घाटे भरत आले म्हणजे पिकाच्या नासाडीच्या तक्रारी गावोगाव सुरू होतात. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकर भागात काय, किंवा घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या काळ्या कसदार जमिनीच्या पट्ट्यात काय, शेतकऱ्याचे सांगणे बहुधा एकच असते : "उंदीर लागले." क्वचित "रोही पडले" किंवा "डुकरे शिरली" असेही सांगण्यात येते. परंतु कोणता उंदीर, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक उंदीर हे एका प्राण्याचे नाव नव्हे. आपल्या शेतांत या एका नावाखाली निदान चार निरनिराळे प्राणी वावरतात. त्यांची बिळे वेगळी, खाणे वेगळे आणि म्हणून त्यांच्यावरील इलाजही वेगळे. ओळख न पटविता घातलेले विष पुष्कळदा वाया जाते. जे उंदीर अर्धवट विष खाऊन वाचतात ते पुढे त्या आमिषाला शिवत नाहीत, आणि अशा रीतीने एका चुकीने संपूर्ण हंगाम हातचा जातो.

मोठ्या जनावरांच्या बाबतीत ही चूक आणखी महाग पडते. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक-नुकसानीबद्दल शासन ज्या प्राण्यांसाठी भरपाई देते, त्यांत रानडुक्कर, रोही, हरीण यांचा समावेश आहे, उंदरांचा नाही. रात्री पीक कोणी खाल्ले हे पंचनाम्याच्या वेळी खुणांवरून सांगता आले नाही, तर खऱ्या नुकसानीचीही दाद लागणे कठीण होते. म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने, आणि जमल्यास शेतकऱ्यानेही, हा अभ्यास स्वतः करून पाहावा. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतील एक टेबल, एक फूटपट्टी, चिमटा, भिंग आणि वही एवढे साहित्य पुरेसे आहे.

जुना अनुभव

ही केवळ पुस्तकी हौस आहे असे कोणी समजू नये. १८२६ साली धारवाडकडील मुलखात सुरुवातीचा पाऊस कमी पडला आणि एका जातीचे उंदीर अतोनात माजले. पेरलेले बी त्यांनी लागलीच खाल्ले. पुढे कणसे भरू लागताच ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडून खाली पाडली. शेतेच्या शेते ओस पडली आणि शेतकऱ्यांना सारा भरणे अशक्य झाले. त्या भागात असलेल्या वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने हे पाहून लिहून ठेवले आहे. शेतकऱ्यांनी वडार लोकांना धान्याच्या मापावर उंदीर मारण्यास लावले. त्यांनी हजारो उंदीर मारले, तरी संख्येत फरक जाणवला नाही. परंतु या हकिगतीतील दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. वडार लोक प्रत्येक जातीच्या उंदराला वेगळ्या नावाने ओळखीत. या उंदराला ते 'मेट्टाडे' म्हणत, आणि तेच नाव अक्षरांत थोडा फरक पडून शास्त्रात रूढ झाले : मिलार्डिया मेल्टाडा. विद्वानांच्या अगोदर ही ओळख शेतात राबणाऱ्यांनी पटविली होती, ती अशी.

या नावातील पहिला शब्द मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) चिटणीस मिलार्ड यांच्यावरून पडला. या संस्थेने १९११ साली देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तिचा आरंभ आपल्या शेजारच्या खानदेशातून झाला आणि पाठोपाठ वऱ्हाडातही काम झाले. पाहणीत मिळालेल्या प्रत्येक प्राण्याला चिठ्ठी बांधून तीवर चार मापे लिहिली जात : डोक्यासह शरीराची लांबी, शेपटीची लांबी, मागच्या पंजाची लांबी आणि कानाची लांबी. शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी अभ्यासाला आरंभ करणाऱ्याने आजही हीच चार मापे प्रथम घ्यावयाची असतात.

टेबलावरील काम : दात

पिंजऱ्यात सापडून मेलेला उंदीर तपासावयाचा झाल्यास हातात रबरी मोजे असल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे अंग शोधू लागतात. म्हणून तो प्रथम कीटकनाशक भुकटी टाकलेल्या बंद पिशवीत काही वेळ ठेवावा. उंदरांच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस पसरतो. विदर्भात २०१८ साली उद्भवलेला स्क्रब टायफसचा आजारही उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या सूक्ष्म माइटच्या अळ्यांपासून होतो. तेव्हा ही काळजी म्हणजे फाजील भीती नव्हे.

मापे घेतल्यावर तोंड उघडून दात पाहावेत. पुढे वरखाली पटाशीच्या दातांची एकेक जोडी, सुळे मुळीच नाहीत, मग मोठी मोकळी जागा आणि त्यामागे प्रत्येक बाजूस तीन तीन दाढा, अशी रचना दिसली तर तो उंदीरवर्गीय प्राणी होय. असे एकूण १६ दात भरतात. पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि ते झिजविण्यासाठी उंदराला सतत काही ना काही कुरतडावे लागते. मोकळ्या जागेचाही उपयोग आहे. माती उकरताना किंवा लाकूड कुरतडताना उंदीर गालाची कातडी त्या जागेत ओढून घेतो, म्हणजे भुसा घशात जात नाही.

याच्याशी चिचुंद्रीची तुलना करावी, म्हणजे या अभ्यासाचे महत्त्व तत्काळ पटेल. चिचुंद्री ही उंदीर नव्हे. तिचे नाक सोंडेसारखे पुढे आलेले, डोळे मोहरीएवढे, शेपूट बुंध्याशी जाड व तीवर तुरळक लांब केस, आणि अंगाला उग्र दर्प असतो. तिच्या जबड्यात मोकळी जागा नसून अणकुचीदार दातांची सलग रांग असते; दात ३० असतात. पुढच्या पायाला ठळक पाच बोटे दिसतात. उंदराला चारच दिसतात, कारण त्याचा अंगठा खुरटलेला असतो. अशा दातांनी धान्याची नासाडी होत नाही, किडे-झुरळे मात्र फस्त होतात. घरात चिचुंद्री निघाली की काठी घेऊन धावण्याची आपली रीत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

ससाही उंदीरवर्गात मोडत नाही. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक बारीक जोडी दडलेली असते. ती भिंगाशिवायही दिसते.

शेतातील चार उंदीर

आता शेतात जाऊ. पहिला प्राणी लहान घूस किंवा शास्त्रज्ञांच्या भाषेत बँडिकोटा बेंगालेन्सिस. पूर्ण वाढलेली लहान घूस शरीराने वीतभर, अंगाने थोराड, तोंडाने आखूड व बोथट असते. केस राठ व काळपट असतात. शेपूट उघडी, गडद रंगाची आणि शरीरापेक्षा आखूड असते. मेलेल्या उंदराची शेपूट पाठीवरून नाकाकडे दुमडून पाहावी. घुशीची शेपूट नाकापर्यंत पोहोचत नाही. डिवचल्यास ती केस फुलवून गुरगुरते. धुऱ्यावर किंवा पाटाच्या कडेला ताज्या, भुसभुशीत मातीचे ढीग दिसले तर ते हिचे काम समजावे.

हिच्या बिळाविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शेतकऱ्यांचा सर्वसाधारण समज असा की, उघडे बीळ म्हणजे वस्ती आणि बंद बीळ म्हणजे ओसाडी. घुशीच्या बाबतीत हे नेमके उलटे पडते. ती आत शिरली की बिळाचे तोंड मातीने बुजवून घेते. म्हणजे ताज्या मातीने बुजलेले तोंड हीच वस्तीची खूण होय. वस्तीची बिळे मोजण्याची नेहमीची रीत अशी की, संध्याकाळी सर्व तोंडे बुजवावयाची आणि सकाळी किती पुन्हा उघडली ते मोजावयाचे. घुशीकरिता ही रीत फिरवावी. तोंड उघडून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ते आतून बुजले काय ते पाहावे. आमिष बिळाच्या तोंडाशी टाकून उपयोग नाही. माती दूर करून ते खोल आत ठेवून तोंड बंद करावे लागते. घूस कणसे व घाटे बिळात साठवूनही ठेवते, त्यामुळे तिने खाल्ल्यापेक्षा नेलेले अधिक असते.

दुसरा जरबिल, म्हणजे टाटेरा इंडिका. एकदा नीट पाहिल्यावर याला विसरणे नाही. वाळूच्या रंगाची पाठ, पांढरे स्वच्छ पोट, टपोरे डोळे, मागचे पाय लांब, शेपूट शरीराहून लांब व टोकाशी काळ्या केसांचा झुपका. टेबलावर याची खात्रीची खूण म्हणजे वरच्या पटाशीच्या प्रत्येक दातावर उभी खाच असते. नख फिरविले तरी ती जाणवते. हलक्या, मुरमाड जमिनीत व धुऱ्यांवर याची बिळे असतात. त्यांना अनेक तोंडे असून ती बहुधा उघडीच असतात. एका तोंडातून धूर घातला तर तो दुसऱ्या तोंडातून निसटतो. म्हणून आधी सर्व तोंडे शोधावीत.

तिसरा मेट्टाडे, मऊ केसांचा शेतउंदीर. हा घुशीहून पुष्कळ लहान असतो. केस हाताला मऊ लागतात, कान मोठे व गोल असतात, शेपूट शरीराएवढी किंवा किंचित आखूड, वरून गडद व खालून फिकट असते. पंजा उलटा करून तळवा पाहावा. घरच्या उंदराच्या मागच्या तळव्यावर सहा गाद्या असतात, याच्या चार-पाच. हा खोल बिळे करण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा त्याला आयत्याच मिळतात. भेगांत राहणाऱ्या या उंदरावर बिळात विष घालण्याची मात्रा चालणार कशी? येथे डवरणी करून भेगा बुजविणे, पाण्याची सोय असल्यास वेळेवर ओलीत करणे आणि धुरे तणमुक्त राखणे हेच उपाय प्रथम करावयाचे. पूर्णाकाठच्या भेगाळणाऱ्या जमिनीत रब्बी पिकाची कणसे तुटून पडलेली दिसली आणि आसपास मातीचे ढीग नसले, तर संशय या उंदरावर घ्यावा.

चौथा अगदी लहान शेत-मूषक, मस बूडुगा. शरीर अंगठ्याएवढे. बिळाचे तोंड बोट जाईल एवढे आणि बाहेर मातीच्या बारीक कणांची लहानशी रास. एकट्याचे नुकसान किरकोळ, परंतु पेरणीनंतर बी टोकरून नेण्यात हा पटाईत आहे.

घरात, छपरावर व झाडावर वावरणारा लांब शेपटीचा काळा उंदीर यांहून निराळा. त्याची शेपूट शरीराहून लांब असली तरी टोकाला झुपका नसतो.

येथेच एक सूचना. हरभऱ्याच्या घाट्याला वाटोळे भोक असून टरफल झाडावरच असेल, तर तो उंदीर नव्हे, घाटे अळी आहे. उंदीर फांदीसकट घाटे तोडतो आणि टरफले खाली पडलेली सापडतात.

घुबडाची प्रयोगशाळा

उंदीर न मारता ओळख शिकण्याची एक उत्तम रीत आहे, आणि तिचा प्रसार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही. गव्हाणी घुबड उंदीर गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देते. पडक्या वाड्याच्या माडीवर, जुन्या विहिरीच्या कोनाड्यात किंवा ओसाड गोदामात घुबडाचा वावर असेल तर खाली असे काळपट गोळे पडलेले आढळतात. घुबड पिलांवर नसेल अशा वेळी ते गोळा करावेत.

गोळे कडक उन्हात वाळवून, जंतुनाशक घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्यावेत. मग सुई व चिमट्याने केस हळूहळू वेगळे करावेत आणि हाडे चाळणीवर धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घालावीत. पाहता पाहता समोर कवट्या मांडल्या जातात. ज्या कवटीच्या वरच्या पटाशीच्या दातांवर खाच आहे आणि कानामागचे हाड फुग्यासारखे मोठे आहे ती जरबिलची. मोठी, जाड, रुंद पटाशीच्या दातांची ती घुशीची. दातांची सलग रांग असून गालाजवळचे कमानीसारखे हाड नाही ती चिचुंद्रीची. संख्या मोजताना कवट्या, डावे खालचे जबडे व उजवे खालचे जबडे वेगवेगळे मोजावेत. या तिहींतील सर्वांत मोठा आकडा म्हणजे घुबडाने खाल्लेल्या प्राण्यांची किमान संख्या. समजा, कवट्या १४, डावे जबडे १७ व उजवे जबडे १५ भरले, तर निदान १७ प्राणी खाल्ले गेले. त्यांत निम्म्याहून अधिक घुशी निघाल्या तर त्या शिवारात मोहीम कोणाविरुद्ध उघडावयाची, याचा तो चांगला अंदाज ठरतो. तथापि, पकडण्यास अवजड अशा मोठ्या घुशी घुबडाच्या आहारात कमी येतात हे विसरू नये, आणि पिंजऱ्यांच्या नोंदींशी हा हिशेब ताडून पाहावा.

विषबाधेने मेलेले उंदीर शेतात उघडे टाकले म्हणजे हेच घुबड, मुंगूस व रानमांजर ते खाऊन मरतात. मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून खोल पुरण्याचे काम विष घालणाऱ्यानेच करावयाचे आहे.

मोठी जनावरे

टेबलावर दातांचा अभ्यास केलेल्यास शेतातील खुणा वाचणे सोपे जाते, कारण खूण उमटविणारा दातच असतो. ससा व उंदीर पटाशीने कापतात, म्हणून तुटलेला देठ चाकूने तिरका छाटल्यासारखा स्वच्छ दिसतो. रोही, काळवीट यांना रवंथ करणाऱ्या इतर जनावरांप्रमाणे वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते शेंडा ओढून तोडतात, आणि तुटलेल्या जागी चिंध्या राहतात. रानडुक्कर चिरडते, मक्याची ताटे आडवी पडतात, कणसाचा चोथा चघळून थुंकलेला असतो आणि जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असते. सायाळ मुळे-कंद कुरतडते व एखादा काटा मागे ठेवून जाते.

खुरांत रोह्याचा ठसा निमुळता, गुरांच्या खुरासारखा गोल नसतो. ओल्या जमिनीत डुकराच्या ठशामागे वरच्या दोन खुरांच्याही खुणा उमटतात. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे तेथे ढीग जमतो. सशाच्या लेंड्या गोल, चपट्या व गवताच्या तंतूंनी भरलेल्या असतात.

शेळी मारली गेल्यास प्रथम गळा पाहावा. बिबट बहुधा गळा पकडतो व तेथे सुळ्यांची खोल भोके दिसतात. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या शेळीच्या मांड्या व कुशी जागोजाग फाडलेल्या असतात. पावलांत मांजरकुळाच्या प्राण्याची नखे उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्रा, लांडगा, तरस यांची नखे उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्याहून ठळकपणे मोठा असतो. अस्वलाच्या पाचही बोटांची लांब नखे दिसतात, मागचे पाऊल माणसाच्या पावलाची आठवण करून देते.

बुलढाणा व खामगाव यांच्या मधल्या डोंगरात १९९७ साली घोषित झालेले ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तेथील बिबट व अस्वल भोवतालच्या गावांना परिचित आहेत. परंतु मोठा ठसा दिसला की तो बिबटाचाच, असे गृहीत धरू नये. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ-पट्टा असलेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला होता. अशा वेळी ठशाशेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, ठशावर घमेले पालथे घालून तो झाकावा आणि वनरक्षकास कळवावे.

मृत जनावर पंचनामा होईपर्यंत हलवू नये. पिकाच्या बाबतीत नांगरट किंवा पाणी देणे तोवर थांबवावे. नोंदवहीत तारीख, गट क्रमांक, पीक व त्याची अवस्था, तुटलेल्या भागाचे वर्णन, ठशाचे माप आणि लेंडीचा आकार एवढे त्याच दिवशी लिहावे. ठसे पहाटे पाहावेत. ऊन तिरपे असताना त्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. दुपारी वारा सुटल्यावर काळी माती भुरभुरते आणि ठसा पसरट व असतो त्याहून मोठा दिसू लागतो. जमविलेली प्रत्येक कवटी वेगळ्या आगपेटीत ठेवून तीवर गाव, तारीख व मिळाल्याची जागा लिहावी. चिठ्ठी नसलेली कवटी कितीही चांगली असली तरी अभ्यासाला निरुपयोगी होय.